पंख वर, पंख खाली

कारखान्यात त्याला सगळे तराजू म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याला ते आवडे. गाडी चालवायची आणि ती कशी चालते ते दहापैकी आकड्यात सांगायचं, एवढंच त्याचं काम. पण हे काम तो एकतीस वर्षं करत होता आणि त्याचा आकडा कधी कोणी खोडला नव्हता. यंत्रं होती, संगणक होते, गाडी बांधून तिच्यावर वारा सोडायचा भला मोठा बोगदा होता. तरी शेवटी साहेब लोक विचारत, "तराजू काय म्हणतो?" मग तराजू सीटला पाठ टेकवून दोन फेऱ्या मारायचा, खाली उतरायचा, हेल्मेट काढायचा, हातमोज्यांचं एकेक बोट सोडवायचा आणि म्हणायचा, "सहा." लोक जीव मुठीत धरून त्या हातमोज्यांकडे बघत उभे राहायचे. तो मुद्दाम वेळ लावतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोलणार कोण?

एकदा म्हणे त्याने नुसत्या पाठीवरून सांगितलं होतं की मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे, आणि मोजली तर खरंच कमी निघाली. ही गोष्ट त्याने स्वतःच इतक्यांदा सांगितली होती की ती न ऐकलेला माणूस कारखान्यात शोधावा लागला असता.

कारखाना ज्या गाडीवर जगत होता ती दोन दारांची, बुटकी, महागडी स्पोर्ट्स कार. तिच्या मागच्या झाकणात एक आडवी पट्टी होती. गाडी उभी असली की पट्टी झाकणात चपखल बसलेली. वेग एकशेदहाच्या वर गेला की ती आपोआप दोन बाहूंवर उचलली जायची आणि सत्तरच्या खाली आला की परत बसायची; हवं तर बटण दाबूनही वर करता यायची. वेगात हवा गाडीचं मागचं टोक उचलू बघते, ते उचललं जाऊ नये म्हणून ही योजना. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं, पण बोलताना सगळे तिला पंख म्हणत. पंख वरखाली करायची मोटर, बाहू, पिना, सगळं जुळवणारं अकरा माणसांचं एक खातं होतं. त्या खात्याचा मुकादम म्हणजे तराजूचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ.

आणि आता नव्या गाडीतून पंख काढून टाकायचं घाटत होतं.

घाट घातला होता मॅडमनी. मॅडम वर्षभरापूर्वी चाचणी विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या. त्यांनी दुरुस्तीला आलेल्या सहाशे गाड्यांची आठवणपेटी, म्हणजे गाडीने केलेलं सगळं नोंदवून ठेवणारी डबी, उघडून वाचली होती. पंख वर गेल्याच्या दर शंभर वेळांपैकी एक्याण्णव वेळा गाडी एक तर उभी होती, नाहीतर सायकलच्या वेगाने चालली होती. म्हणजे मालकाने बटण दाबून पंख वर केला होता. मॅडमनी बैठकीत हे शांतपणे वाचून दाखवलं. "सिग्नलला, हॉटेलच्या दारात, पोरांच्या शाळेसमोर," त्या म्हणाल्या. "शेजाऱ्याला दाखवायला आपण साडेनऊ किलोचं यंत्र वाहून नेतोय. त्याजागी एक कायमची बारीक पट्टी लावू. हलायला नको, बिघडायला नको."

"उभ्या गाडीचं सोडा हो," तराजू खुर्चीत मागे रेलून म्हणाला. "दोनशेच्या वेगाने लांब वळण घ्या आणि मग बोला. पंख वर असला की मागचं टोक बसतं, नसला की तरंगतं. मला पाठीत कळतं."

"बरं," मॅडम म्हणाल्या, "मग पाठीलाच विचारू."

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. पंधरा वर्षांपूर्वी ह्याच मॅडम तराजूच्या हाताखाली गाडी पारखायला शिकत होत्या. चार महिने शिकल्या. एक दिवस त्याने त्यांना दोन गाड्या चालवायला दिल्या आणि फरक विचारला. "सर, खरं सांगू का, मला काही फरक जाणवला नाही," त्या म्हणाल्या. तराजू सगळ्यांसमोर पोट धरून हसला. "अगं, नाही जाणवलं तर असं कबूल करायचं नसतं, काहीतरी ठोकून द्यायचं. जा, तू फायली लाव." फायली लावता लावता ती मुलगी वर चढली. त्या दिवशीच्या दोन्ही गाड्या मुळात सारख्याच होत्या, हे तराजूने तिला कधीच सांगितलं नाही. गंमत होती ती. त्याची.

चाचणी मंगळवारी ठरली. त्याच्या आदल्या शुक्रवारी मेहुणा डबा घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसला, पण डबा काही उघडेना.

"भावोजी, खात्यात अकरा घरं आहेत. दोघं तर असे की दुसरं कुठलंच काम येत नाही त्यांना. सगळं तुमच्या आकड्यांवर आलंय."

"डोळे बांधून सांगीन," तराजू म्हणाला. "तू जेव."

मेहुणा लगेच जेवायला लागला. त्याचा भावोजींवर असा विश्वास होता की त्यांनी सांगितलं असतं तर त्याने नुसती मोटरही खाल्ली असती.

तराजू मात्र त्या दिवसापासून धड जेवला नव्हता. सहा महिने त्याच्या तळपायांना मुंग्या येत होत्या. रक्तात साखर होती. डॉक्टरने सुई टोचून "लागतंय का?" विचारलं, तेव्हा दोनदा त्याने न लागताच "हो" म्हटलं होतं. पायांपर्यंत आलेलं हे दुखणं पाठीपर्यंत कधी पोचेल, हाच विचार त्याच्या डोक्यात चाले. घरात कोणाला त्याने चकार शब्दाने सांगितलं नव्हतं. पाठ गेली तर तो कोण? साठीला टेकलेला, चष्मा लावणारा एक ड्रायव्हर.

मंगळवारी सकाळी दहाला गाडी मैदानावर उभी होती. आतला आरसा खाकी कागदाने झाकलेला, बाहेरचे दोन्ही आरसे दुमडलेले, पंखाचा दिवा जिथे लागतो तिथे काळी चिकटपट्टी. मॅडम हेल्मेट घालून शेजारच्या सीटवर बसल्या. मांडीवर वही, वहीखाली तारेने जोडलेला छोटा स्विच. वरची बाजू दाबली की पंख वर, खालची दाबली की खाली.

"प्रत्येक फेरीआधी मी दाबीन. काय दाबलं ते सांगणार नाही. बारा फेऱ्या. मधे उतरायचं नाही. तुम्ही आकडा सांगा आणि काय वाटलं ते सांगा, मी लिहीन."

"लिहा," तराजू म्हणाला.

पहिल्या फेरीत त्याने लांब वळण दोनशेने घेतलं. पाठ सीटला लावून ठेवली, श्वास रोखला. गाडीचं मागचं टोक जरासं तरंगत होतं. म्हणजे पंख खाली. "सहा," तो म्हणाला.

दुसऱ्या फेरीत तेच वळण, तोच वेग, आणि पाठीत तेच. पंख अजून खालीच असणार. "सहा."

तिसऱ्या फेरीतही तेच. आता त्याला घाम फुटला. तीनदा सलग पंख खाली? चाचणी अशी कोणी लावतं का? वर-खाली, वर-खाली असंच काहीतरी असणार की. मग आपल्याला का कळत नाही? त्याने स्टीअरिंग आवळून धरलं, मग ते मॅडमना दिसेल म्हणून पकड सैल केली. पाठ सांगत होती, काही बदललं नाही रे बाबा. इतकी वर्षं जिचं ऐकलं तिचं तो त्या दिवशी ऐकेना. पाठ मेली, त्याने ठरवून टाकलं. मुंग्या वर चढल्या.

"आकडा?" मॅडमनी विचारलं.

तेव्हा त्याला त्यांचा अंगठा दिसला. वही थोडी सरकली होती आणि स्विचवरचा अंगठा उघडा पडला होता, अगदी ठसठशीत, वरच्या बाजूला.

"आठ," तराजू म्हणाला. "आता टोक बसलं. ह्या फेरीत पंख वर."

मॅडमनी लिहून घेतलं.

चौथ्या फेरीआधी त्याने हेल्मेटच्या कडेने पाहिलं. अंगठा खालच्या बाजूला. "सहा. परत तरंगायला लागली." पाचवीला अंगठा वर. "साडेआठ." माणूस एकदा खोटं बोलला की त्याला ते सजवावंसं वाटतं. सातव्या फेरीला तराजू म्हणाला, "मागच्या डाव्या चाकावर आत्ता वजन आलं बघा, वळणातून निघताना." नवव्या फेरीला म्हणाला, "तळव्याने कोणी कमरेला आधार दिल्यासारखं वाटतं." दहाव्याला तर पंख अर्ध्या बोटाने जास्त उचलला गेल्याचंही त्याला जाणवलं, आणि तपासून घ्यायला हवं असं त्याने बजावलं. मॅडमचा पेन थांबला नाही. बाराव्या फेरीनंतर तो उतरला आणि सवयीने सावकाश हातमोजे काढले. त्याचा जीव भांड्यात पडला होता. खातं वाचलं असेल, असंही त्याला वाटलं. पण ते नंतर वाटलं. आधी वाटलं ते हेच, की कोणाला कळलं नाही.

दुपारी दोनला मॅडमनी पंखाच्या खात्यातच सगळ्यांना बोलावलं. यंत्रं बंद केलेली, अकरा जण हात पुसत उभे, मधोमध तीच गाडी. तराजू पुढे, पाठीवर हात बांधून. मेहुणा अगदी मागे उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण मागे बघायला तराजूला सवड नव्हती.

मॅडमनी वही उघडली आणि सकाळची टिपणं पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही, की चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. डाव्या चाकावरचं वजन वाचलं, कमरेचा आधार वाचला, अर्धं बोट वाचलं. माणसं माना डोलवत होती. त्यांच्या पंखाचं इतकं कौतुक कोणी केलं नव्हतं.

मग त्यांनी गाडीचं झाकण उघडायला लावलं आणि खिशातून चार पिना काढून टेबलावर ठेवल्या.

"ह्या पिना नसल्या की मोटर फिरते, पण पंख जागचा हलत नाही. सकाळी बाराही फेऱ्यांत तो खाली होता. मी दाबायचे तो स्विच नुसता दाबायचा होता. तिसऱ्या फेरीपासून सरांनी जे आकडे दिले ते माझ्या अंगठ्याचे आहेत. अंगठा मी मुद्दाम दिसू दिला."

तराजूला वाटलं आपण खाली बसलो तर बरं, पण खुर्ची नव्हती.

"पिना काल तुमच्याच मुकादमांनी काढल्या, माझ्या सांगण्यावरून," मॅडम पुढे म्हणाल्या. "बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं. ते बोलले नाहीत." दहा माना मागे वळल्या. मेहुणा जमिनीकडे बघत होता.

कोपऱ्यातला जोडारी, जो ह्या खात्याखेरीज कुठे कामाचा नव्हता, तो हसला. त्याला हसू आवरेना. "अर्धं बोट," तो म्हणाला आणि डोळे पुसायला लागला, आणि तो हसतोय की रडतोय हे शेवटी शेवटी कळेना.

"पंखाने फरक पडतो की नाही, ह्यावर आता वाद नको," मॅडम म्हणाल्या. "वाऱ्याच्या बोगद्यातलं यंत्र म्हणतं की पडतो. पण चौदा वर्षं आपण यंत्राच्या नाही, एका माणसाच्या शब्दावर तो ठेवला, आणि पंख आहे की नाही हे त्या माणसाला सांगता येत नाही. मग गाडी विकत घेणाऱ्याला काय कळणार आहे? नव्या गाडीला कायमची पट्टी. हे खातं महिनाअखेर बंद." मग तराजूकडे वळून त्यांनी अगदी आदराने सांगितलं की उद्यापासून आकडे द्यायचं काम त्याच्याकडे नाही, पण पाहुणे येतात त्यांना मैदान दाखवायला कोणीतरी जाणकार हवाच आहे.

तासाभराने तराजू त्यांच्या खोलीत गेला. दार लोटलं आणि उभाच राहिला.

"मॅडम, मला फरक जाणवला नव्हता. पहिल्या फेरीपासून जाणवला नव्हता. शपथेवर सांगतो."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पहिल्या दोन फेऱ्यांना तुम्ही सहा-सहा दिलेत, बरोबर दिलेत. तिसऱ्याला घाबरलात, तेही मी शेजारी बसून बघितलं. तुमची पाठ शाबूत आहे, सर. एवढी शाबूत की पंख खरंच वर असता तर तुम्हाला पहिल्या झटक्यात कळलं असतं. म्हणजे पंख कामाचा आहे, हे मला आज सकाळीच पटलं."

"मग हे सगळ्यांना सांगा ना," तराजू म्हणाला. "वहीत लिहा."

"वहीत तुम्ही सांगितलेलं लिहिलंय. न सांगितलेलं कसं लिहू?" त्यांनी वही बाजूला सारली. "फरक नाही असं तुम्ही बारा वेळा म्हणाला असतात तर मी उठून सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडले असते. पंख ठेवला असता, खातं ठेवलं असतं. मला पाठ तपासायचीच नव्हती. जाताना दार ओढून घ्या."

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. तळपायाच्या मुंग्यांपासून सांगितलं, काही लपवलं नाही. पाठ खरं बोलत होती आणि आपण भिऊन तिचं ऐकलं नाही, हेही सांगितलं. बायको ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मग फरक नाही एवढं म्हणायचं होतं ना."

साडेपाचला मेहुणा आला. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसला. बायकोने दोघांसमोर चहा ठेवला आणि ती पाठमोरी होऊन भांडी घासायला लागली.

"भावोजी, मी तुमच्याकडे माफी मागायला नाही आलो," मेहुणा म्हणाला. "मी पिना काढल्या आणि घरी जाऊन निवांत झोपलो. का झोपलो सांगू? मला वाटलं, भावोजी पहिल्याच फेरीत गाडी थांबवतील आणि विचारतील, अहो, पंख कुठाय? मॅडमचं तोंड बघण्यासारखं होईल. जगात कोणाला कळो न कळो, तुम्हाला कळणारच. म्हणून नाही बोललो. तुम्हाला कळलं कसं नाही?"

ह्याला दोन उत्तरं होती. कळलं नाही, पाठ गेली रे, वय झालं, असं म्हटलं असतं तर मेहुणा हळहळला असता, रडलाही असता, आणि मॅडमना शिव्या देत मोकळा झाला असता. दुसरं उत्तर खरं होतं. कळलं होतं, पण मी घाबरलो. तेवढं म्हणायलाही दोन क्षण पुरले असते. पहिल्यात पाठ जात होती आणि दुसऱ्यात माणूस. तराजूने कपाच्या कानाशी बोट फिरवलं.

"कळलं होतं," तो म्हणाला. "पहिल्याच फेरीत."

"मग?"

"मग काय? फरक नाही म्हणालो असतो तर तिथल्या तिथे तुमचं खातं बंद झालं असतं. मला काय माहीत तुम्ही लोकांनी पिना काढल्यात? तुम्हा अकरा जणांसाठी खोटं बोललो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा."

मोरीतला नळ बंद झाला. बायको तशीच पाठमोरी उभी होती, हातात एक ताट. तराजूने तिच्याकडे पाहिलं. तीही क्षणभर मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या सख्ख्या भावाबद्दल चाललं होतं. मग तिने नळ परत सोडला.

"म्हणजे काल रात्री मी नुसता एक फोन केला असता..." मेहुणा म्हणाला. वाक्य त्याला पुरं करता येईना. "मी एक शब्द बोललो असतो तर खातं राहिलं असतं?"

"हो," तराजू म्हणाला.

"आणि तुमचं नावही."

"आता जाऊ दे ते."

मेहुण्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ते दहा जण उद्या त्याला काय म्हणतील ते म्हणोत, पण त्यांच्यातल्या कोणाला त्याला आता तोंड दाखवता येणार नव्हतं. तराजूने उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मोठेपणाने ठेवला. मेहुणा उठला, बहिणीकडे न बघता, चहाला न शिवता निघून गेला.

तराजू खिडकीतून तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की सकाळपासून पोटात काही नाही आणि आता सपाटून भूक लागली आहे. त्याने बायकोला वाढायला सांगितलं. तिने वाढलं.